पान दोनशे बारावरची चूक

मित्रांनो, आवाज दमलेला वाटला तर माफ करा. मी गणिताच्या सूत्रांचा एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या वाचनालयात चाळीस वर्षं उभा आहे, आता पाठ धरते.

ज्या बेरजेला शेवटच नाही, तिचं उत्तर माझ्यात एका ओळीत मिळतं. ढोलाचं कातडं कसं थरथरतं, तापलेली गोल सळई कशी निवते, हे मांडणारी बेसेल फलनं आणि त्यांची संकलनं माझ्या पोटात आहेत. सगळे मला प्रमाण मानतात. पण खरं सांगू? छापखान्यातून मी एक चूक घेऊनच आलो. पान दोनशे बारा, तिसरं सूत्र. अधिक हवं तिथे उणे.

ती चूक इथे गणित शिकवणाऱ्या चांगदेव सरांनी पकडली. बिचाऱ्यांची मे महिन्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. शेवटी त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘इथे अधिक हवे. तीनदा पडताळले.’ सर गेले, पण पंचवीस वर्षं त्या ओळीने माझी अब्रू राखली.

मग कॉलेजच्या तपासणीला समिती यायची ठरली. वाचनालयाचे शिपाई पोपटकाका कामाला लागले. त्यांनी माझी पाठ खळीने चिकटवली, नवं कव्हर घातलं आणि पुस्तकात लिहायचं नाही या नियमाने पेन्सिलीचं अक्षर न् अक्षर खोडून टाकलं. समितीने माझं कौतुक केलं. मला मात्र रडू येत होतं.

त्यानंतर आली रसिका. दिवा स्टेशनजवळ राहणारी, पहाटे पाणी भरून मग प्रबंध लिहायला यायची. तिच्या गणितातली सळई निवायला हवी होती, पण माझं सूत्र घातलं की आणखीच तापायची. चार महिने पोरीने स्वतःचीच चूक शोधली. तिचे मार्गदर्शक म्हणाले, छापलेलं कसं चुकेल, तुझंच कुठेतरी चुकतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर तिच्यासमोर उघडा पडलेला.

काल ती मला परत करायला आली. संशोधन सोडतेय म्हणाली. पोपटकाका सवयीने पानं तपासू लागले आणि दोनशे बारावर त्यांचं बोट थांबलं.

“काका, मी काही नाही लिहिलं हां त्यात.”

“ठाऊक आहे गं. इथे चांगदेव सरांनी लिहिलेलं. मीच खोडलं.”

रसिकाने मला खिडकीशी तिरकं धरलं. कागदावर पेन्सिलीचे वळ अजून होते. एकेक अक्षर लावत तिने ते वाचलं आणि तिथेच फरशीवर बसून गणित पुन्हा केलं. सळई निवली. रसिका कितीतरी वेळ तोंडावर ओढणी धरून बसली.

पोपटकाकांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. पुस्तकात रेघ मारली म्हणून आयुष्यभर पोरांना दंड करणारा माणूस तो.

“शाईने लिही, पोरी. परत कोणी खोडायला नको. मीसुद्धा.”

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला वाळवी लागू देऊ नका. पण समासात कोणी कष्टाने काही लिहून ठेवलं असेल, तर खोडण्याआधी एकदा वाचा. छापलेलंही चुकतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? चला, आता मला जरा आडवं ठेवा.