तिसरा रकाना

मांडणीवरून झाकण घरंगळलं आणि दुपारची शांतता मोडली. माझ्या लेकीनं, मृणालीनं कूस बदलली, परत झोपली. मी श्वास रोखून बसले होते. तिच्या झोपेचा तास तेवढा माझा.

एम.ए.चा निबंध आजच द्यायचा होता: ख्रिस्ती आणि इस्लामी सत्तांनी केलेला धार्मिक छळ, तुलना. वहीत दोघांचे दोन रकाने आखले. स्पेनचे ज्यू दोन्हीकडे आले. बाराव्या शतकात मुस्लिम राज्यकर्ते म्हणाले, धर्म बदला नाहीतर चालते व्हा. साडेतीनशे वर्षांनी ख्रिस्ती राजाराणी तेच म्हणाले. फरक काय लिहू? उठले, पाणी प्यायले, घड्याळ पाहिलं, पुन्हा बसले.

लक्षच लागेना; वहीखाली दुसरा कागद होता ना.

अक्षर चांगलं म्हणून बिल्डिंगचे सगळे अर्ज मीच लिहिते. सकाळी शेजारचे अनिलभाऊ दारात आले. "वैनी, मालकाला अर्ज लिहा. खालची खोली त्या फहमिदाबाईंना देऊ नका म्हणून."

फहमिदाबाई दाभोळहून रोज एसटीनं दापोलीला येतात, बालवाडीवर. मृणालीला अक्षरं लावायला शिकवलं ते त्यांनीच.

"कारण काय लिहू?"

"मच्छीचा वास."

"तुमच्याकडे आत्ता बांगडे तळतायत, भाऊ."

"तो घरचा वास," ते हसले. "पाचला सह्या घ्यायला येतो. पहिली तुमची."

मी हो म्हटलं. नवरा मुंबईला, मृणाली तापानं फणफणली तेव्हा याच अनिलभाऊंनी रिक्षा काढली होती. अर्ज लिहूनही झाला, सुबक. फक्त 'कारण' या शब्दापुढे जागा कोरी.

पावणेपाचला मृणाली उठली, झोपेनं गरम झालेल्या अंगानं माझ्या मांडीत शिरली. "हे रकाने कसले?"

"या लोकांनी देवावरून ज्यांना ज्यांना त्रास दिला, त्यांची नावं लिहायची."

तिनं पट्टी ओढली आणि जीभ बाहेर काढून शेजारी एक वाकडी रेघ मारली. "हा आपला."

मी वही मिटणार, तोवर तिनं खालचा कागद उपसला होता. बोट ठेवत वाचू लागली. "फ... ह... मि... दा... बाईंना... खोली... देऊ... नये."

जिन्यात अनिलभाऊंच्या चपला वाजल्या.

मृणालीनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "आई, बाईंचं नाव आपल्या रकान्यात लिहायचं का?"