माझ्या पायांतलं काळं तेल

होय मित्रांनो, मी जुनी मोटारसायकल आहे आणि ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. चौदा वर्षांपूर्वी शेखरने मला पातूरजवळच्या त्याच्या गावी आणलं, तेव्हा अख्खी गल्ली मला पाहायला आली होती. पुढे तो नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला लागला आणि मी त्याच्या बायकोच्या, गीतांजलीच्या हाती आले. मळ्यातली शेवंती रोज सकाळी अकोल्याच्या फूलबाजारात न्यायची, हे आम्हा दोघींचं काम.

माझे टायर बदलले, चेन बदलली. पण पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना माझे जे दोन पाय आहेत, ज्यांना सगळे शॉकअप म्हणतात, त्यांच्यातही तेल असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ते खराब होऊन पाण्यासारखं पातळ झालं. ब्रेक दाबला की माझं तोंड खाली आपटायचं. दसऱ्याच्या आधी एका गतिरोधकावर तसंच झालं आणि आम्ही दोघी पडलो. गीतांजलीचं कोपर सोललं. शेवंती रस्त्यावर सांडली.

तिचे सासरे शालिकरामजी संतापले.

"गाडी भंगार अन् चालवनारी बाई! पडन नाई तं काय होईन? सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. फुलं ऑटोनं जातीन. तू आता घरीच राह्य."

"मामाजी, ऑटोवाला बाजारात भाव करन का?"

"मी सांगतलं ना!"

मला राग आला. चौदा वर्षं ओझं वाहिलं आणि एका पडण्याने मी भंगार झाले?

गीतांजलीने मला मेकॅनिक नत्थुजींकडे नेलं. त्यांनी माझं हँडल दोनदा दाबून पाहिलं.

"शॉकअपचं ऑइल बदलाव लागते. पन आठ दिवस मले फुरसत नाई."

"मंग मी घरीच बदलतो. कसं करू ते सांगा," गीतांजली म्हणाली.

नत्थुजी हसले नाहीत. "खालच्या स्क्रूतून जुनं काढाचं, वरून नवं टाकाचं. दोन्हीत माप सारखंच पाह्यजे."

रविवारी तिने अंगणात माझ्या इंजिनाखाली लाकडाचा ओंडका लावला. पुढचं चाक अधांतरी झालं. वरची झाकणं उघडून तिने खालचे स्क्रू काढले. काळं, घाण वासाचं तेल तसराळ्यात पडलं. इतकी वर्षं हे मी पायांत वागवत होते! मग तिने मापाच्या भांड्यात नवं तेल मोजून ओतलं. पण डाव्या पायाखाली थेंब पडू लागले.

ओट्यावरून शालिकरामजी म्हणाले, "घ्या! होतं तेबी गेलं."

तिने वाकून पाहिलं. स्क्रूखालची छोटी चकती बाजूला अंथरलेल्या गोणपाटावरच राहिली होती. तिने ती बसवली, त्या पायातलं सगळं तेल काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजून भरलं.

सोमवारी भंगारवाला दारात आला, तर गीतांजली किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी.

"मामाजी, मांगं बसा. त्याच गतिरोधकापर्यंत जाऊ. पडलो तं गाडीबी देतो अन् बाजारबी सोडतो."

चारचौघांसमोर नाही कसं म्हणणार? ते बसले. गतिरोधक आला, तिने ब्रेक दाबला. माझं तोंड जरासं खाली गेलं आणि सावकाश वर आलं. मागचा म्हातारा हललासुद्धा नाही. त्याने वळून गतिरोधकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "अजून एक डाव ने बरं."

दुसऱ्यांदाही आम्ही तशाच गेलो. घरी परतल्यावर शालिकरामजींनी भंगारवाल्याकडे पाहिलंही नाही. सुनेला म्हणाले, "फुलं तोडून ठेवली ना? मंग कावून थांबली? बाजार भरून राहिला असन."

मित्रांनो, मला कुणाची कीव नको. मला वेळेवर तेल हवं. गाडी धडपडली, तर ती का धडपडली ते आधी स्वतःचे हात काळे करून पाहा. तेवढं होत नसेल तर निदान रस्त्यातून बाजूला व्हा. आम्हाला अकोला गाठायचं आहे.