उजव्या बॉक्सची उलटी तार

१८ फेब्रुवारी १९९६. आभाळ निरभ्र. पहाटे गारठा, दुपारी चटका देणारं ऊन.

त्या दिवशी मी भिंगारच्या या क्वार्टरमध्ये आलो. मी उजवा बॉक्स, म्हणजे स्पीकर, बोलतोय. आत आठ इंची वूफर, पुढे काळी जाळी. माझा जुळा भाऊ डावीकडे, मध्ये डेक, आणि समोर उत्तमरावांची खुर्ची. उत्तमराव लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर. त्यांच्या मते गाणं खरं ऐकू येतं ते त्या खुर्चीतूनच.

माझी तार अपुरी पडली. त्यांनी दुसरा तुकडा जोडून वर काळी टेप गुंडाळली. त्या सांध्यात लाल रेघेची तार साध्या तारेला लागली. तेव्हापासून भाऊ हवा पुढे ढकलायचा तेव्हा मी मागे ओढायचो; मधोमध आमचे आवाज एकमेकांना खोडून टाकायचे. खुर्चीपर्यंत जे पोचायचं त्यात ढोलकीचा ठोका नसायचा आणि गाणाऱ्याचा आवाज पोकळ व्हायचा.

उत्तमरावांनी काय नाही केलं? आम्हाला विटांवर चढवलं, भिंतीपासून सरकवलं, बासचं बटण शेवटपर्यंत पिळलं. खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. सांधा मात्र उघडला नाही. तो त्यांच्या हातचा होता.

मार्चमध्ये गायन पार्टीचे छगनराव कॅसेट घेऊन आले. उत्तमरावांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, तालमीत म्हटलेलं गाणं त्यावर होतं.

"जयंतीला पुढं कोन गाईल, वहिनी का झुंबरबाई, ते तुमी ऐकून सांगा. तुमचा कान तयार, बॉक्स बी भारी."

उत्तमराव खुर्चीत बसले. चांगुणाबाई केर काढता काढता माझ्यापाशी थांबल्या.

"अहो, इथं तर बरा येतोय की माझा आवाज."

"बॉक्सला चिकटून कुनी गानं ऐकतं व्हय? हितं बस."

त्या खुर्चीत बसल्या. ऐकलं. पुन्हा केरसुणी उचलली.

"दमच न्हाई. पातळ ताकावानी," उत्तमरावांनी निकाल दिला.

छगनरावांना तसा निरोप गेला. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातली गुणगुण बंद झाली. उत्तमरावांच्या ते लक्षातही आलं नाही. ते खुर्ची सरकवत होते. माझ्यात बिघाड असेल असं त्यांना वाटलं, खोलीत असेल असं वाटलं, शेवटी बायकोच्या गळ्यात सापडला.

जयंतीच्या आधी घराला चुना द्यायला काढला. सामान हलवताना सांधा सुटला. उलटी जोडणी बघून चांगुणाबाईंनी लाल रेघ लाल रेघेला बांधली आणि वाजतंय का बघायला तीच कॅसेट लावली. ढोलकीचा ठोका छातीत बसला. त्यांचा आवाज खोलीच्या मधोमध उभा राहिला, भरीव. हातातला कुंचला तसाच ठिबकत होता.

उत्तमराव लगबगीने येऊन खुर्चीत बसले.

"आली बघ जागेवर! म्हनलं हुतं ना, खुर्ची दोन बोटं मागं पायजे."

"खुर्ची न्हाई, तार उलटी हुती. तुमीच जोडलेली."

त्यांनी उठून कॅसेट थांबवली.

"मग सांगा की छगनभाऊंना," त्या म्हणाल्या.

"आता झुंबरबाईंना शब्द गेलाय. पत्रिका छापल्यात. बरं दिसतं का ते?"

चौदा एप्रिलला झुंबरबाई पुढे गायल्या. उत्तमरावांनी कार्यक्रम टेप केला. कोरी कॅसेट घरात नव्हती. चांगुणाबाईंच्या गाण्यावर आता झुंबरबाईंचं गाणं आहे. कोरसात चांगुणाबाई आहेत.