दुधाचा डाग

बारकीच्या गालावरचा डाग दुधाचा, असं तिच्या आईने सतरा वर्षं सगळ्यांना सांगितलं. शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना, सख्ख्या बहिणीलासुद्धा. उकळत्या दुधाचं पातेलं कलंडलं, पोरगी खाली उभी होती, नशिबाने डोळा वाचला. मावशी तर अजूनही बारकी स्वयंपाकघरात आली की दुधाखालचा गॅस बंद करते. बिचारं दूध, फुकटचं बदनाम झालं.

आता दादाचं लग्न पाच आठवड्यांवर आलं आणि आईला लेकीच्या चेहऱ्याचा एकदम पुळका आला. मुलीकडच्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, बहिणीला काय झालं म्हणून. फोटोत जरा बरं दिसायला हवं, आई म्हणाली. इतकी वर्षं त्या गालाकडे बघायचं टाळणाऱ्या बाईने स्वतःहून डॉक्टरांची वेळ घेतली होती. बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी ती मुकाट्याने दुकान बंद करून निघाली. गालाचं तिला काही नव्हतं. तिला डोळ्याचं विचारायचं होतं.

दुकान रफूचं. एक खुर्ची, एक दिवा, आणि दोन माणसं आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. डागाने डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढून धरली होती, झोपेतही डोळा पुरता मिटत नसे. दिवसभर गळायचा. टाका घालायचा, डोळा पुसायचा, पुन्हा टाका घालायचा. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई रडतेय. प्रत्येकाला ती आधी एकच विचारायची, फाटलंय की जळलंय. जळलं असेल तर कडा आधी कापाव्या लागतात. लोक बिनदिक्कत खोटं बोलायचे, सिगारेटचं भोक खिळ्याच्या नावावर खपवायचे. कापड बोटांत घेतलं की तिला कळायचंच.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढला, गाल दोन बोटांनी चाचपला.

"हे कशाने झालं?"

"दुधाने," आई म्हणाली. बारकीने तोंड उघडायच्या आत.

डॉक्टरबाई डागाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, दूध ओघळतं, त्याच्या डागाच्या कडा वेड्यावाकड्या असतात. ही कड सरळ आहे आणि वर टोक आहे. हे काहीतरी तापलेलं, धातूचं, आणि खोल गेलेलं दिसतंय. नेमकं काय झालं ते कळलं तर उपाय नीट ठरवता येईल.

आईने पर्स उघडली, बंद केली. इतक्या वर्षांचं आता कुणाला आठवतंय, असं पुटपुटली.

बारकीला सगळं आठवत होतं. ती नऊ वर्षांची, दादा पंधराचा. त्याचा आवाज फुटत होता, तिने त्याची नक्कल केली, आणि त्याने हातातली तापलेली इस्त्री तिच्या गालाला लावली. चुकून लागली नव्हती. दाबून धरली होती. दवाखान्याच्या वाटेवर आईने बजावलं, दूध म्हणायचं. आणि ती शहाण्या मुलीसारखी दूध म्हणाली होती.

"इस्त्री," ती म्हणाली. "माझ्या भावाने दाबली."

"अगं, लहान होता तो."

"आणि मी?"

डॉक्टरबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि उपाय सांगायला घेतले. लेझरने रंग जरा उतरेल. उंचवटा इंजेक्शनांनी बसेल. पुसलं काहीच जाणार नाही, फिकं होईल. पापणीची गोष्ट मात्र वेगळी. तिथली ओढ कापून सोडवायची आणि कानामागची कातडी काढून तिथे लावायची. हे सगळ्यात आधी करायला हवं, कारण पाणी नुसतं गळून जातं आणि उघडा डोळा सुकत चाललाय. रफूतही धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढतात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. बारकीला ते लगेच पटलं.

ऑपरेशनची सगळ्यात जवळची तारीख लग्नाच्या चार दिवस आधीची निघाली.

आई खुर्ची पुढे ओढून बसली. आत्ता लेझर करा, म्हणाली, पापणीचं लग्नानंतर बघू. सूज, पट्टी, सगळ्या पाहुण्यांसमोर शोभा कशाला.

"तिचा डोळा मिटत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सतरा वर्षं नाहीच मिटलेला. आणखी दोन महिन्यांनी काय होतंय?"

म्हणजे आईला माहीत होतं. बारकी आजवर स्वतःची समजूत घालत आली होती की आईचं लक्षच गेलं नसेल, घरातली कामं काय कमी असतात. आणि ही बाई रोज रात्री तो उघडा डोळा बघून दिवा मालवत होती. दादावरचा राग तिच्या जुन्या ओळखीचा होता. हा राग नवा होता. तिने डॉक्टरबाईंना सांगितलं, तीच तारीख लिहा.

बाहेर जिन्यात आईने तिचा दंड पकडला. आवाज अगदी खाली आला होता.

"पट्टी बघून लोक विचारतील गं. काय सांगायचं मी त्यांना?"

"तू काही सांगू नकोस," बारकी म्हणाली आणि डोळा पुसला. "या वेळी मी सांगणार आहे."