उगाच कुणाला त्रास

इंग्लंडमधल्या बर्नली गावात, आमच्या गल्लीत, पोरं ‘आई’ म्हणायला शिकली की पुढचा शब्द ‘बॉदर’. बॉदर म्हणजे त्रास देणं. वापर एवढाच, की तो कुणाला द्यायचा नाही. जन्मभर आम्ही हेच पाळत आलो.

त्या दुपारी बाथरूमच्या दाराची मूठ माझ्या हातात आली आणि मी आत अडकलो. खिडकी वीतभर, फोन खाली स्वयंपाकघरात. घड्याळात पावणेदोन. हॉस्पिटलात दोन ते साडेतीन एवढाच वेळ भेटू देतात, आणि कंबरेच्या ऑपरेशनपासून माझ्या बायकोला, हिल्डाला, कूसही बदलता येत नव्हती. मी तिथे असलो की खाणंपिणं सगळं माझ्याच हातून.

भिंतीपलीकडे नॉर्मा, तीस वर्षांपासूनची शेजारीण, रात्रपाळी करून झोपलेली. मी बोटाने टकटक केली, इतकी हळू की मलाच धड ऐकू आली नाही. थांबलो. पुन्हा केली. अडीच झाले. भिंती अंगावर यायला लागल्या, हिल्डा दाराकडे डोळे लावून पडली असेल या विचाराने रडू आलं, तरी हात काही जोरात पडेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

तीन वाजता मात्र मी दोन्ही मुठींनी भिंत बडवली. नॉर्मा तिच्याकडे ठेवलेली आमच्या घराची किल्ली घेऊन धावत आली आणि तिने बाहेरून बाथरूमचं दार उघडलं.

“पहिल्या टकटकीलाच जाग आली होती मला,” ती म्हणाली.

“मग आला का नाहीत?”

“वाटलं, काही दुरुस्ती काढली असेल. उगाच मध्ये येऊन कशाला त्रास द्यायचा?”

“आणि मी तुमची झोप मोडायला नको म्हणून...”

“शहाणेच आहोत दोघं. बसा गाडीत.”

पोचलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती. हिल्डाचे ओठ सुकून फुटले होते. पाण्याचा ग्लास तिच्या हातापासून फूटभर लांब.

“कधीपासून असा?”

“सकाळपासून. नर्स बिचारी सारखी धावतेय रे. तिला कशाला हाक मारायची?”

मी ग्लास तिच्या ओठांना लावला, तिने एका दमात संपवला. माझा जीव तुटला, आणि रागही आला. तिचा की माझा, सांगता येत नाही.

नर्स आली. “वेळ झाली, काका.”

“हिला सकाळपासून पाणी मिळालं नाही,” मी म्हणालो, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

हिल्डाने लाजून डोळे मिटले.