दोन काचा

कामठीत पॉवरलूमवर कामाला जाणाऱ्या धम्मदीपचा खोकला हटता हटेना. त्याची बायको प्रीती नागपुरात लॅबमध्ये होती, पण तो थुंकी तपासायला देईल तर शपथ. "लूमची धूळ आहे वं ते," एवढंच त्याचं पालुपद. शेवटी ती वैतागून म्हणाली, "घे, मी बी माही देतो."

दोघांची थुंकी पसरलेल्या दोन्ही काचांवर तिने लाल रंग चढवला, तापवला, ॲसिडने धुतला. टीबीचे जंतू तेवढे हा लाल सोडत नाहीत. वरून निळा दिला.

त्याची काच नुसती निळी निघाली. हुश्श करून तिने आपली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. निळ्यात लाल काड्या होत्या.

संध्याकाळची कसकस तिने दगदगीवर ढकलली होती. आणि बापाचा खोकला लागू नये म्हणून लेकीला रोज स्वतःच्या कुशीत निजवलं होतं.