भुऱ्याचा होकार

तांब्यातलं पाणी भुऱ्याच्या कपाळावरून नाकाडावर ओघळलं, तिथून थेंब थेंब मातीत पडलं, आणि भुरा नुसता उभा राहिला.

म्हस्कू लिंबाखाली वाट बघत होता. अंगात बंडी, डोक्याला लाल मुंडासं. त्याच्या मागे दीपक घड्याळाकडे बघायचं कसंबसं टाळत होता. भुरा हा तपकिरी तोंडाचा तरणा एडका. त्याने आधी म्हस्कूकडे बघितलं, मग दीपककडे, मग परत म्हस्कूकडे. कपाळावरची हळद ओली होऊन डोळ्यात उतरत होती, तरी त्याने डोळे मिटले नाहीत की मान हलवली नाही.

"न्हाय म्हनतुया," म्हस्कू म्हणाला आणि त्याने गळ्यातली दोरी सोडली. "दुसरं आना."

मेंढरू कापायच्या आधी त्याला विचारायचं, ही म्हस्कूच्या घराण्याची रीत. कपाळाला हळद लावायची, वर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. मेंढराने अंग झाडलं म्हणजे होकार. नाही झाडलं तर त्या दिवसापुरतं ते सुटलं. तशी ही रीत जत्रेत सगळेच पाळतात, पण जेवायची घाई झालेली माणसं थोडं पाणी हळूच कानात सोडतात. कानात पाणी गेल्यावर कोण अंग झाडणार नाही? म्हस्कूने ते आयुष्यात केलं नव्हतं. त्याचा बाप असल्या माणसाच्या पंगतीला बसत नसे.

मेंढरं मात्र आता म्हस्कूची नव्हती, दीपकची होती. दीपक म्हणजे बावड्याच्या आप्पासाहेबांचा धाकटा. घरी ऊस, कारखान्याचं सभासदत्व, दारात ट्रॅक्टर. असं असून पोरगं शेतकी कॉलेजातून बाहेर पडलं ते उसातल्या युरियाला शिव्या घालतच. त्याने सुप्याजवळ माळ घेतला, तारेचं कुंपण घातलं आणि मेंढरं पाळली. त्यांना सुई टोचायची नाही, पोत्यातलं खाद्य घालायचं नाही, माळावरचं गवतच खाऊ द्यायचं आणि कापताना भीती दाखवायची नाही. घरचे म्हणायचे, पोरगं चांगलं गादीवर जन्मलं आणि आपण होऊन काट्यात जाऊन बसलं. हसण्यासारखं होतं खरं, पण दीपक लबाड नव्हता. दर रविवारी तो बर्फाच्या पेटीत मटण घालून स्वतः जीपने बारामतीला पोचवायचा. बाजारच्या दुप्पट भाव, तरी गिऱ्हाइकं फोन करून नंबर लावायची. हे शहाण्णव सालचं, म्हणजे बारामतीच्या आसपास ब्रॉयलरच्या शेड गावोगाव उठत होत्या तेव्हाचं.

"आमच्याकडे मेंढराचा होकार घेतात," दीपक फोनवर सांगायचा, आणि पलीकडच्या माणसाचा घास तिथेच हलका व्हायचा.

म्हस्कूचा स्वतःचा कळप कधीच गेला होता. कालव्याचं पाणी आलं, उसाने रानं भरली, चराईच्या वाटा बुजल्या, आणि मेंढरं विकून तो दुसऱ्यांच्या बांधावर मजुरी करत राहिला. दीपकने बोलावलं तेव्हा त्याला आणि त्याच्या बायकोला, साखरबाईला, परत मेंढरांचा वास मिळाला. म्हस्कूला दुसरं काही नको होतं.

भुऱ्याचं मात्र काही कळत नव्हतं. रविवार उजाडला की तो कुणी न बोलावता मेंढरं कोंडायच्या वाडग्यातून निघायचा आणि लिंबाखाली येऊन उभा राहायचा. म्हस्कू पाणी शिंपडायचा. भुरा बघत राहायचा. मग दुसरं मेंढरू आणलं की ते पाणी पडल्यावर थोड्या वेळाने अंग झाडायचं, आणि भुरा त्याच्याकडे शेवटपर्यंत बघून, सगळं झाल्यावर वाडग्यात परतायचा.

"ह्येला धाडू नगा लिंबाखाली," साखरबाई म्हणाली. "मला भ्या वाटतंय त्येच्या डोळ्याचं."

"म्या कुठं धाडतुया? त्योच येतुया."

पावसाळा सरता सरता माळावर लाळ्या-खुरकूत आली. मेंढरांच्या तोंडातून लाळ गळू लागली, खुरांत जखमा झाल्या, मेंढरं गुडघ्यावर सरपटू लागली. म्हस्कू आणि साखरबाई दिवसभर लिंबाचा पाला उकळून पाय धूत होती. म्हस्कूने दीपकला गाठलं.

"आवो, डाक्टर बलवा की. सुप्यातच हाय. येक सुई मारली तर जखमा तरी चिघळायच्या न्हाईत."

"आबा, लोकांना शब्द दिलाय मी. आपल्या मेंढराला सुई लागलेली नाही म्हणून तर घेतात ते."

"शबूद तुमी दिलाय. पाय त्येंचं सडल्यात."

दीपकलाही वाईट वाटत होतं. खुरं धुवायला तो स्वतः बसला, हाताला वास लागला तरी उठला नाही. डॉक्टरला मात्र त्याने बोलावलं नाही.

अख्ख्या कळपात फक्त भुऱ्याला काही झालं नव्हतं.

नेमक्या त्याच आठवड्यात, रविवारी, बारामतीच्या कौसल्याबाई यायच्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. भावाने ब्रॉयलरची शेड काढली तेव्हा त्या कौतुकाने बघायला गेल्या होत्या. आत एकावर एक चढलेल्या, स्वतःच्या वजनाने पाय मोडलेल्या कोंबड्या बघून आल्या आणि त्यानंतर त्यांनी अंडंसुद्धा तोंडात घातलं नाही. आता त्यांच्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. त्यांचे यजमान मोहनराव मटण खा म्हणून विनवून थकले होते.

"मला खायचंय हो," त्यांनी दीपकला फोनवर सांगितलं होतं. "पण कुणावर जबरदस्ती करून नाही. मी समोर बसून बघेन. त्याने हो म्हटलं तर खाईन."

आदल्या दिवशी आप्पासाहेब माळावर येऊन गेले. आजारी कळप बघितला, मुलाकडे बघितलं, आणि खाली न बसताच बोलले, "उद्याचं गिऱ्हाईक परत गेलं तर सोमवारी ट्रक धाडतो. सगळी मुंबईला. बास झालं आता."

ट्रक म्हणजे काय ते म्हस्कूला ठाऊक होतं. स्वतःचा कळप त्याने तसाच जाताना बघितला होता. चारी पाय बांधून, एकावर एक रचून. तेव्हा ट्रक वळणापलीकडे गेल्यावरही ओरडणं ऐकू येत होतं, आणि तो ते अजून विसरला नव्हता.

कौसल्याबाई आल्या. लिंबाखाली त्यांना खुर्ची दिली. मोहनराव गाडीपाशीच थांबले, त्यांना असलं बघवत नसे. भुरा आधीच येऊन उभा होता.

"किती शांत आहे," बाई म्हणाल्या.

म्हस्कूने हळद लावली, पाणी शिंपडलं. भुरा त्याच्याकडे बघत राहिला. म्हस्कूने परत शिंपडलं. लिंबाच्या काड्या खाली पडत होत्या तेवढाच आवाज. वाडग्यातली मेंढरंही गप्प होती. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि उठायला खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

दीपक म्हस्कूच्या कानाशी आला. "आबा, कानात टाका. एवढ्या वेळेपुरतं. नाहीतर उद्या सगळी जातील."

म्हस्कूने तिसऱ्यांदा तांब्या उचलला. बाईंकडे पाठ केली, भुऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं आणि बोटांवरचं पाणी त्याच्या कानात सोडलं. तेवढ्या वेळात भुऱ्याने त्याच्या हाताला तोंड लावलं, लहान कोकरू लावतं तसं.

मग भुऱ्याने अंग झाडलं.

आणि वाडग्यात बसलेली, पाय सडलेली सगळी मेंढरं एका दमात उठली आणि त्यांनीही अंग झाडलं. लोकरीचा जड फडफडाट झाला. धूळ उठून लिंबापर्यंत आली. मग पुन्हा सगळं शांत. मेंढरं बसली नाहीत. तशीच उभी राहून लिंबाकडे बघत राहिली.

बाईंचे हात आपोआप जोडले गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "दिला ना हो त्याने होकार?"

"व्हय बाई," म्हस्कू म्हणाला.

ट्रक आला नाही. महिन्याभरात कळपाच्या जखमा भरल्या. कौसल्याबाईंनी चार ठिकाणी सांगितलं आणि दीपकचा फोन थांबेना. म्हस्कूचं मात्र जेवणावरचं मन उडालं. कारण भुरा गेल्यापासून कुठल्याच मेंढरासमोर थांबावं लागत नव्हतं. तो हळदीत बोट बुडवायचा तोवरच समोरचं मेंढरू अंग झाडायचं. पुढे पुढे तर नुसता तांब्या उचलला तरी झाडायचं. मग सकाळी वाडग्याचं दार उघडलं की सगळीच्या सगळी, कोकरांसकट, त्याच्याकडे तोंड करून अंग झाडू लागली.

"बघा आबा, आता काही अडचण राहिली नाही," दीपक म्हणाला.

"इचारायच्या आदीच व्हय म्हनत्यात. मंग म्या इचारू कुनाला?"

दीपक हसला, पण त्या दिवसापासून तो वाडग्याच्या दारासमोरून जायचं टाळू लागला. जीप लांब लावून मागच्या बाजूने यायचा.

दिवाळीनंतर कौसल्याबाई पुन्हा आल्या. आता गाडीतून त्या एकट्या, कुणाचा हात न धरता उतरल्या. चेहऱ्यावर तजेला होता. पिशवीत बाजरीच्या भाकरी होत्या.

"मेंढरांना आणल्यात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपणही त्यांना काहीतरी द्यावं."

त्या वाडग्याशी गेल्या. मेंढरं ओळीने पुढे आली, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि सगळ्यांनी अंग झाडलं. बाई हसल्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मेंढरांनी परत अंग झाडलं. बाईंचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. एक इवलं कोकरू, अजून आईला पिणारं, तुकड्याला तोंड न लावता त्यांच्या डोळ्यांत बघत अंग झाडत राहिलं.

"आबा," त्या मागे न वळता म्हणाल्या, "मी तर यांना काही विचारलं नाही."

"ठावं हाय बाई."

"मग ही कशाला होकार देतायत मला?"

म्हस्कूला वाटलं होतं, हे कुणाला सांगायची वेळ आली तर आपली जीभ उचलणार नाही. पण शब्द आपसूक आले. "त्या भुऱ्यानं व्हय म्हनलं न्हवतं. म्या कानात पानी घातलं. तवापून ह्ये आसं हाय."

वारा सुटला होता. बाईंनी पदर घट्ट लपेटून घेतला.

"मला गोड लागलं होतं ते जेवण," त्या अगदी हळू म्हणाल्या. "कितीतरी वर्षांनी पोटभर जेवले होते मी."

भाकरीची पिशवी वाडग्याच्या फाटकाला तशीच लटकत राहिली. मेंढरांनी भाकरी खाल्ली नाही आणि साखरबाईने पिशवी घरात घेतली नाही. पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. त्यांनी नेहमीएवढंच मटण सांगितलं. होकाराचं काही विचारलं नाही.

म्हस्कूने सुरी दीपकच्या हातात दिली. "चारीन, पाय धुईन, राखन करीन. ह्ये न्हाय जमायचं." दीपकने त्याला समजावलं नाही. त्याने सुप्याचा भिमा रविवारपुरता ठरवला. भिमाला रीत-बीत काही नव्हती. नियम म्हणून तो तांब्यातलं पाणी सरळ कानातच ओतायचा आणि कामाला लागायचा. तसं ओतायची गरजही पडत नव्हती म्हणा.

एका रविवारी सकाळी म्हस्कू मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी आंघोळीला बसला. समोर तारेपलीकडे कळप उभा होता. पलीकडे लिंबाखाली भिमा एक मेंढरू धरून तयारीत होता. साखरबाईने डोणीतलं गार पाणी तांब्यात घेऊन म्हस्कूच्या डोक्यावर ओतलं. पाणी कपाळावरून नाकावर आलं आणि एक धार कानात शिरली.

अंगावर सरसरून काटा आला. मान आपोआप हलायला निघाली. म्हस्कूने दोन्ही हातांनी डोणीची कड धरली आणि अंग आवळून घेतलं.

"आवं, डोकं झाडा की. कानात पानी गेलं ना?"

म्हस्कू हलला नाही. तारेपलीकडून मेंढरं त्याच्याकडे बघत होती. पाणी कानात घुमत होतं, डोळ्यांत उतरत होतं. त्याने डोळे मिटले नाहीत.

लिंबाखालून भिमाची हाक आली. "म्हस्कूआबा! ह्येला काय झालं वो आज? कानात पानी घातलं तरी हालंना. दुसरंबी तसंच!"

साखरबाईने कळपाकडे बघितलं. एकही मेंढरू हलत नव्हतं. मग तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता आणखी एक तांब्या भरून त्याच्या डोक्यावर ओतला.

म्हस्कू तसाच बसून राहिला.